जुगार नव्हे, पिनबॉल!



यंदाच्या निधिसंकलनाच्या कार्यक्रमाला आलात की हॉलच्या डाव्या कोपऱ्यात, बटाटेवड्यांच्या टेबलाशेजारी, चार पायांवर उभी असलेली एक लांबट पेटी दिसेल. ती लुकलुकते, खडखडते, मध्येच कुणीतरी आतून मोठ्यांदा बोलल्यासारखा आवाज येतो. घाबरू नका. ते आमच्या बेसमेंटमधलं 'द ॲडम्स फॅमिली' नावाचं पिनबॉलचं मशीन आहे. आम्ही ते मंडळाला त्या संध्याकाळपुरतं दिलं आहे. एका खेळाचे दोन डॉलर, आणि सगळे पैसे निधीच्या डब्यात.

हा विषय कमिटीच्या मीटिंगमध्ये निघाला तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी चष्मा वर करून विचारलं, "अहो, पैसे टाकायचे, बटणं दाबायची आणि नशिबाची वाट बघायची. हा जुगारच नाही का झाला? आणि तोही धर्मादाय कार्यक्रमात?"

आम्ही तेव्हा हसून विषय टाळला. पण घरी जाताना गाडीत दोघांच्याही लक्षात आलं की काकांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. न्यू यॉर्क शहराने हाच प्रश्न विचारून पिनबॉलवर तब्बल ३४ वर्षं बंदी घातली होती! तेव्हा मंडळाच्या पुस्तिकेतच सविस्तर उत्तर द्यावं असं ठरलं. शिवाय गेली वीसेक वर्षं आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा "एवढं काय आहे त्या डब्यात?" असं विचारतो, त्यांनाही उत्तर मिळेल.

लहानपणी आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी बॅगाटेल असायचं. लाकडी पाट, त्यावर अर्धगोलात ठोकलेले खिळे, एका बाजूला स्प्रिंगची दांडी आणि लोखंडी गोळ्या. दांडी ओढून सोडायची, गोळी वर जाऊन खिळ्यांतून टणाटण उड्या मारत एखाद्या घरात पडायची. पिनबॉल हा त्याचाच वंशज. 'पिन' म्हणजे ते खिळे. अमेरिकेत स्प्रिंगच्या दांडीचं पेटंट सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी १८७१ साली घेतलं. पुढे १९३१ मध्ये, मंदीच्या ऐन दिवसांत, शिकागोच्या गॉटलिब कंपनीचं 'बॅफल बॉल' आलं. एका पेनीत पाच-सात गोळ्या खेळायला मिळत. नोकरी नाही, खिशात चार नाणी, अशा माणसाला तेवढाच विरंगुळा. त्याच सुमारास 'बॅलीहू' नावाचा खेळ निघाला आणि त्याच्यावरून 'बॅली' हे कंपनीचं नाव पडलं. गॉटलिब, बॅली, विल्यम्स या तिन्ही मोठ्या कंपन्या शिकागोच्या. आपण ज्या शहराला घर म्हणतो ते या खेळाचं माहेर आहे हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असेल? आम्हालाही मशीन घरी येईपर्यंत माहीत नव्हतं.

आता काकांच्या मुद्द्याकडे येऊ. त्या सुरुवातीच्या मशीनमध्ये एकदा दांडी सोडली की खेळणाऱ्याच्या हातात फारसं काही उरत नसे. फार तर पेटीला धक्का द्यायचा. आणि काही दुकानदार चांगला स्कोअर झाला की बक्षीस देत, काही रोख पैसेही देत. न्यू यॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी जानेवारी १९४२ मध्ये हा सरळ जुगार ठरवून मशीन जप्त केली. हातात घण घेऊन मशीन फोडतानाचे त्यांचे फोटो आजही बघायला मिळतात. लॉस एंजेलिसमध्ये बंदी, आणि गंमत म्हणजे जिथे ती बनत त्या शिकागोमध्येही बंदी! म्हणजे कारखाना इथे, माल देशभर, पण शिकागोकरांनी खेळायचं नाही.

खरं सांगायचं तर १९४२ सालच्या त्या मशीनबद्दल महापौरांचं फार चुकलं असं आम्हाला वाटत नाही. काका त्या काळी कमिटीत असते तर आम्हीही त्यांच्याच बाजूने हात वर केला असता.

पण १९४७ साली गॉटलिबचं 'हम्टी डम्टी' आलं. हॅरी मेब्स यांनी त्यात विजेवर चालणारी सहा छोटी वल्ही बसवली. बटण दाबलं की वल्हं फटकन उडतं आणि खाली येणारी गोळी परत वर जाते. यांना म्हणतात फ्लिपर. एवढ्या एका गोष्टीने खेळ बदलला. आधी माणूस बघ्या होता, आता तो खेळाडू झाला. कायद्याला मात्र हे कळायला आणखी २९ वर्षं लागली.

एप्रिल १९७६ मध्ये न्यू यॉर्कच्या नगरपरिषदेच्या समितीपुढे रॉजर शार्प नावाचा तरुण लेखक उभा राहिला. पिनबॉल हे कौशल्य आहे हे त्याने प्रत्यक्ष खेळून दाखवायचं होतं. दोन मशीन आणली होती, एक मुख्य, एक राखीव. समितीतल्या एका सदस्याला मुख्य मशीनमध्ये काही चलाखी केली असेल असा संशय आला, म्हणून त्याने शार्पना राखीव मशीनवर खेळायला लावलं. शार्प खेळले, पण सदस्याचं समाधान होईना. शेवटी शार्पनी सांगितलं की आता मी दांडी ओढून गोळी वरच्या मधल्या वाटेतून नेतो. ओढली, सोडली, आणि गोळी खरंच मधल्या वाटेतून गेली. बंदी उठली. पुढे शार्प यांनी स्वतःच कबूल केलं की त्या एका गोळीत नशिबाचा वाटाही होता. कौशल्य सिद्ध करायला नशिबाने मदत केली, याला काय म्हणावं!

आता हे कौशल्य म्हणजे नेमकं काय? काचेखालचा बोर्ड साधारण साडेसहा अंशांनी आपल्याकडे कललेला असतो. गोळी पोलादाची, सुमारे ८० ग्रॅमची. ती खाली येणारच. दोन फ्लिपरच्या मधल्या फटीतून गेली की संपलं. प्रत्येक फ्लिपरमागे तांब्याच्या तारेची कॉइल असते आणि तिची दोन वेटोळी असतात. एक जोरदार, फक्त झटका देण्यापुरतं. दुसरं सौम्य, बटण दाबून ठेवलं तर फ्लिपर वर धरून ठेवणारं. जोरदार वेटोळं चालूच राहिलं तर कॉइल जळेल. नवशिका माणूस दोन्ही बटणं एकदम बडवतो, गोळी कुठे आहे ते न बघता. जरा जाणकार झालेला मात्र फ्लिपर वर धरून गोळी त्याच्या बेचक्यात झेलतो, थांबवतो, श्वास घेतो. मग फ्लिपर सोडायचा, गोळी घरंगळू द्यायची आणि नेमक्या क्षणी मारायची. डाव्या फ्लिपरच्या मुळाशी असताना मारली तर गोळी डावीकडे जाते, टोकाशी आल्यावर मारली तर उजवीकडे. मधल्या सगळ्या दिशा त्या दोन-अडीच इंचांत आहेत. कॅरममध्ये स्ट्रायकर किती आडवा ठेवायचा आणि कुठे टिचकी मारायची, तोच हिशोब. फक्त इथे सोंगटी थांबत नाही.

शिवाय पेटीला हलका धक्का द्यायची मुभा आहे. मुभा आहे, पण हद्दीत. आत गवंड्याच्या ओळंब्यासारखं एक वजन लोखंडी कड्याच्या मधोमध लटकवलेलं असतं. धक्का जोराचा झाला की ओळंबा कड्याला टेकतो, विजेचं वर्तुळ पूर्ण होतं आणि पाटीवर 'टिल्ट'! फ्लिपर मेले, गोळी गेली. आमच्या मशीनवर आधी इशारे मिळतात, हे नशीब.

आमचं मशीन १९९२ सालचं, बॅलीच्या नावाने निघालेलं. पॅट लॉलर आणि लॅरी डेमार यांची रचना, जॉन यूसी यांची चित्रं. या मशीनची २०,२७० नगांची विक्री झाली. त्याआधीचा बॅलीचाच १९७७ सालच्या 'एट बॉल'चा उच्चांक होता २०,२३०. फक्त ४० नगांनी मागे टाकला, पण टाकला. आम्ही २००१ साली बंद पडणाऱ्या एका बोलिंग ॲलीतून ते आणलं. तिघे मित्र, एक भाड्याची व्हॅन, बेसमेंटचा अरुंद जिना, आणि मशीनचं वजन जवळजवळ तीनशे पौंड. त्यातला एक मित्र अजूनही पाठीचा विषय निघाला की आमच्याकडेच बघतो.

ॲडम्स फॅमिली ही चार्ल्स ॲडम्स यांच्या व्यंगचित्रांतली विचित्र मंडळी. आधी चित्रं, मग १९६४ ची टीव्ही मालिका, मग १९९१ चा सिनेमा, आणि सिनेमावरून हे मशीन. घरातल्या लहानग्यांना २०२२ च्या 'वेन्स्डे' मालिकेमुळे ही माणसं ओळखीची असतील. आम्हाला मात्र ती पहिल्या दिवसापासून आपली वाटली. एकाच वाड्यात आईवडील, मुलं, आजी, काका, चुलतभाऊ, आणि घरात सतत आरडाओरडा. अमेरिकेत एकत्र कुटुंब बघायचं तर भुताटकीच्या वाड्यातच बघावं लागतं!

पण लोक या मशीनकडे पुन्हा पुन्हा येतात ते चित्रांसाठी नाही. बोर्डावरच्या पेटीचं झाकण उघडून एक तुटका हात बाहेर येतो, 'थिंग' त्याचं नाव, आणि चुंबकाने गोळी उचलून पेटीत घेऊन जातो. पुस्तकांचं कपाट आहे. त्यावर पुरेशा वेळा गोळी मारली की ते गर्रकन फिरतं आणि मागची तिजोरी उघडते. तिजोरीत तीन गोळ्या जमवल्या की तिन्ही एकदम सुटतात आणि मग माणसाला दोनच हात का दिले असा प्रश्न पडतो. बोर्डाखाली तीन विद्युतचुंबक आहेत. ते जागे झाले की गोळी सरळ जाता जाता मध्येच गिरकी घेते. वाड्यात बारा खोल्या आहेत, म्हणजे बारा वेगवेगळी कामं किंवा बक्षिसं. विजेच्या खुर्चीत गोळी घातली की एक खोली पदरात. बाराही खोल्या पुऱ्या केल्या की वाड्याची सफर. इतक्या वर्षांत आमच्याकडे ती सफर किती जणांनी केली? एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

सगळ्यात आवडती गोष्ट सांगतो. डाव्या बाजूला वरती एक छोटा फ्लिपर आहे. कधीकधी पाटीवर सूचना येते की आता हात लावू नका, मशीन स्वतः मारणार. आणि ते मारतं. नेम चुकला तर मशीन त्याची नोंद ठेवून पुढच्या वेळी आपली वेळ किंचित बदलून पाहतं. म्हणजे मशीनलाही सराव करावा लागतो! कारण कॉइल गरम झाली, रबर जुनं झालं, पेटी एका बाजूला केसभर कलली, की कालचा नेम आज चालत नाही. व्हिडिओ गेममध्ये तीच चाल केली की तोच परिणाम. इथे गोळी खरी, बोर्ड खरा, धूळही खरी. म्हणून तीस वर्षांनंतरही दोन खेळ सारखे होत नाहीत.

आणि म्हणून देखभालही खरी. रबराच्या कड्या बदलायच्या, बोर्डाला मेण लावून पुसायचं, गोळीला बारीक टोचे पडले की नवी घालायची (नाहीतर ती बोर्डाचा रंग खाते), पाय वरखाली करून पाणसळ बघायची. पहिल्या हिवाळ्यात आमचा डावा फ्लिपर मरगळला. दुरुस्तीवाल्याने एका तासात एवढी फी लावली की आम्ही त्याच रात्री सोल्डरिंग करायला शिकायचं ठरवलं. आमच्यापैकी एकाने शिकलं. दुसरीने टॉर्च धरला आणि "अहो, लाल वायर नाही, ती केशरी आहे" एवढंच सांगितलं, पण ते फार मोलाचं होतं.

कौशल्याचा आमच्याकडचा पुरावा म्हणजे नाना. सासरे म्हणजे नाना २००३ च्या ऑक्टोबरात सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले. पहिला बर्फ पडेपर्यंत ठीक होतं. नंतर आपल्या सगळ्यांच्या आईवडिलांचं जे होतं तेच झालं. आम्ही दोघं कामावर, मुलगा शाळेत, बाहेर उणे दहा, टीव्हीवर समजणारं काही नाही. नाना दिवसभर खिडकीशी. एके दिवशी संध्याकाळी आम्ही आलो तर बेसमेंटमधून खडखडाट ऐकू आला.

नाना गावभागात कॅरमचे नावाजलेले. पहिल्या आठवड्यात त्यांच्या गोळ्या भराभर फटीतून जात होत्या. "तुमचं यंत्र लबाड आहे," म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी गोळी झेलून थांबवणं स्वतःच शोधून काढलं, कुणी शिकवलं नव्हतं. मग खुर्चीचा नेम बसला, मग कपाटाचा. स्कोअर वाचताना दर वेळी मनातल्या मनात स्वल्पविराम सरकवावे लागत, कारण पाटीवर अमेरिकन पद्धतीचे आकडे आणि नानांचा हिशोब लाख-कोटींचा. डिसेंबरात तीन-चार कोटींवर खेळ संपायचा, मार्चमध्ये सहज बारा-पंधरा. निघायच्या आदल्या रात्री २६ कोटी ४० लाख झाले. यादीत चौथा क्रमांक. मशीनने तीन अक्षरं विचारली, नानांनी दोन्ही बटणांनी एकेक अक्षर शोधून भरलं. मशीन तेच, आम्ही तेच, पाहुण्यांचे स्कोअर तेच. बदलला तो फक्त नानांचा हात. नशिबाचा खेळ असता तर डिसेंबर आणि मार्चमध्ये फरक कशाला पडला असता?

नाना २०११ साली गेले. ती तीन अक्षरं अजून आहेत. ती टिकवायला मात्र थोडी धडपड करावी लागते. यादी मागच्या पेटीतल्या सर्किट बोर्डावर असते आणि मशीन बंद असताना तिला तीन साध्या डबल-ए बॅटऱ्या जिवंत ठेवतात. बॅटऱ्या संपल्या की यादी पुसली जाते. न बदलता ठेवल्या तर त्या पाझरतात आणि बोर्डच खराब करतात. म्हणून दरवर्षी मशीन चालू ठेवूनच बॅटऱ्या बदलायच्या. ठरावीक खेळांनंतर यादी आपोआप कोरी व्हायची सोयही आहे, ती आम्ही कधीच बंद करून टाकली.

तेव्हा मशीन मंडळाला द्यायचं ठरलं तेव्हा घरात दोन दिवस चर्चा चालली. दीडशे-दोनशे माणसं खेळणार, त्यात कॉलेजची मुलं असणार. यादीत चारच उच्चांक आणि वर एक महाविजेता. कुणीतरी २७ कोटी केले की नाना यादीबाहेर. स्कोअर लिहून घेऊन यादीत कुणालाच जाऊ न देण्याची युक्तीही सुचली. शेवटी फोनवर मुलगाच म्हणाला की आजोबांनी कॅरमच्या बोर्डवर कुणाला कधी जिंकू दिलं नाही, आणि कुणी जिंकल्यावर बोर्ड लपवलाही नाही. यादी चालूच राहणार आहे. फक्त पाटीचा एक फोटो काढून ठेवला.

जाता जाता एक विसंगती. हे मशीन बनवणाऱ्या विल्यम्स-बॅलीच्या कंपनीने ऑक्टोबर १९९९ मध्ये पिनबॉलचा विभाग बंद केला आणि सगळं लक्ष स्लॉट मशीनवर, म्हणजे कॅसिनोतल्या खऱ्याखुऱ्या जुगारावर केंद्रित केलं. ज्या खेळाला ३४ वर्षं जुगार म्हणून हिणवलं, त्याचा घास शेवटी जुगाराच्या नफ्यानेच घेतला. पण खेळ मेला नाही. शिकागोच्या उपनगरातली स्टर्न कंपनी त्या वर्षांत एकटीने तग धरून राहिली, पुढे नव्या कंपन्या आल्या, आणि पॅट लॉलर यांनी २०१७ साली पुन्हा एक नवं मशीन काढलं. लास वेगाससारख्या शहरातसुद्धा 'पिनबॉल हॉल ऑफ फेम' आहे. ना-नफा तत्त्वावर उभी केलेली ही संस्था खेळातून उरलेले पैसे धर्मादाय कामाला देत आली आहे. तेव्हा काका, आपण काही जगावेगळं करत नाही आहोत.

एक गोष्ट मात्र काकांची मान्य. खेळ संपल्यावर मशीन स्वतःच एक आकडा काढतं आणि तो तुमच्या स्कोअरच्या शेवटच्या दोन आकड्यांशी जुळला तर एक खेळ फुकट. याला 'मॅच' म्हणतात आणि यात कौशल्य शून्य. ही निव्वळ सोडत. म्हणून कार्यक्रमात मॅच बंद ठेवणार आहोत. नाण्यांची भानगडही नाही. दोन डॉलर टेबलावर द्या, आम्ही बटण दाबून खेळ सुरू करून देऊ. प्रत्येकाला तीन गोळ्या. लहान मुलांसाठी पाट ठेवला आहे. काचेवर वड्याची प्लेट ठेवू नये ही कळकळीची विनंती.

हा लेख पुरा करायच्या आधी, गेल्या रविवारी, आम्ही काकांना चहाला बोलावलं. म्हटलं, ठरवायच्या आधी एकदा बघा तर. पहिली गोळी दहा सेकंदांत गेली. काका म्हणाले, "यात काहीतरी गडबड आहे. दुसरं मशीन नाही का?" नाही म्हणून सांगितलं. दुसरी गोळी जरा टिकली. तिसऱ्या गोळीला त्यांनी जाकीट काढून खुर्चीवर टाकलं. साडेनऊला काकूंचा फोन आला तेव्हा चहाचा तिसरा कप गार झाला होता आणि पाटीवर दोन कोटी ऐंशी लाख होते.

बूट घालताना काकांनी विचारलं, "कार्यक्रमाच्या दिवशी हे किती वाजता सुरू करताय? गर्दी व्हायच्या आधी येतो."